मी माझी प्लेट धुतली होती

अपमान माझा झाला. सत्त्याण्णव सालच्या जून महिन्यात, एका शुक्रवारी, बहरैनमधल्या झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या भाड्याच्या बंगल्यात, जेवणं आटोपल्यावर. अपमान करणारे स्वीडनचे होते. त्यांना तो शिकवणारा पुण्याचा होता.

मी सिंकपाशी उभा होतो. हातात माझी प्लेट. माझी एकट्याची. स्वीडिश लोकांत जेवल्यावर प्रत्येकजण आपली प्लेट उचलतो, विसळतो, ठेवतो. साहेबसुद्धा. मी तेच करत होतो. तेवढ्यात बिर्गिता मागून आली. आमच्या मॅनेजरची बायको. तिनं माझ्या कमरेला एप्रन बांधला. विचारलं नाही. लहान पोराला बांधतात तशी मागून गाठ मारली, खांद्यावर थोपटलं आणि इंग्रजीत म्हणाली, "तू हे किती छान करतोस!"

मग लोक आले. एकेकजण आपली प्लेट घेऊन यायचा, माझा एप्रन बघायचा, प्लेट माझ्याशेजारी ठेवायचा आणि हसून "टाक" म्हणायचा. टाक म्हणजे धन्यवाद. एवढे धन्यवाद मला जन्मात कुणी दिले नव्हते. प्लेटांचा ढीग वाढत होता, आणि कुणी मला एक वाईट शब्द बोललं नव्हतं.

हे नीट समजून घ्या. गावात आमचा अपमान करणाऱ्याला तोंड होतं. माणगाव तालुक्यातलं गाव. आम्ही बौद्ध, पण गावाच्या तोंडी जातीचं जुनंच नाव. हॉटेलात आमचा कप वेगळा, दांडा तुटलेला, बाहेर खिळ्याला अडकवलेला. पिणार आपण, धुणार आपण, परत अडकवणार आपण. पण कप कुणी अडकवलाय ते माहीत होतं. त्याच्या दारात जाऊन घोषणा देता येत होती. पुढे चेंबूरला आलो, आय.टी.आय. करताना पोरांच्या संघटनेत पत्रकं लिहायला लागलो. पत्रकाला एक गोष्ट लागते. कुणाविरुद्ध, ते पहिल्या ओळीत यावं लागतं. झल्लाकला मला ती पहिली ओळच सापडेना. सगळे हसत होते.

बहरैनला मी ड्राफ्ट्समन म्हणून आलो. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्याचं काम होतं. नळांचे नकाशे काढायचे. कंपनी स्वीडिश. पहिल्याच आठवड्यात आम्हा परक्यांना एका खोलीत बसवून त्यांची मूल्यं समजावली. इथे कुणी सर नाही, मॅडम नाही. सगळ्यांना नावानं हाक मारायची. फुशारकी मारायची नाही. लागोम, म्हणजे कमी नाही, जास्त नाही, बेताचं. समोरचा बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही. तो गप्प बसला तर रागावला असं समजायचं नाही. घरात जाताना बूट बाहेर. आणि सकाळी कॉफीला सगळे एका टेबलावर. मॅनेजरपासून टायपिस्टपर्यंत. ज्याचा कप त्यानं धुवायचा.

ते ऐकून मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. कपाटात सगळे मग एकसारखे, पांढरे. कुठलाही उचला. मी पहिल्या दिवशी मुद्दाम दोनदा कॉफी घेतली, दुसऱ्यांदा दुसऱ्या मगात. आणि यॉरान, आमचा मॅनेजर, सहा फुटांचा माणूस, बाह्या सरसावून माझ्याशेजारी उभा राहून आपला मग विसळत होता. त्यानं मला माझं नाव विचारलं. फक्त नाव. आडनाव नाही. वर्षभर त्या ऑफिसात मला कुणी आडनाव विचारलं नाही.

एकजण सोडून.

अनंत कुलकर्णी, पुण्याचे, सीनियर इंजिनियर. भेटल्याबरोबर मराठीत म्हणाले, "वा, आपला माणूस! कुठले तुम्ही?"

"रायगड."

"रायगडात कुठे?"

"माणगावकडे."

"बरं. आणि आडनाव?"

सांगितलं. मग 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिथल्या तिथे. म्हणाले, "हे बघ, यांच्यासमोर तू मला अनंत म्हण, यांची पद्धतच आहे ती. पण एरवी आपलं साहेबच बरं. काय?"

आमचा ड्रायव्हर हसनमामा, दापोलीकडचा. ऑफिसची व्हॅन चालवायचा, सनद नावाच्या वस्तीत माझ्याच इमारतीत खाली राहायचा. तो कंपनीच्या टेबलावर बसत नसे, कारण तो कंपनीचा नव्हता, कंत्राटदाराचा होता. मी त्याला एकदा म्हटलं, "मामा, यांच्यात भेदभाव नाय." तो आरशात बघून हसला. "झालास तू स्वीडिश? मग गोरा कधी होतोस, ते सांग बाबा."

जूनमध्ये त्यांचा मिडसमर नावाचा सण असतो. एक खांब उभारायचा, त्याला पानंफुलं बांधायची आणि भोवती नाचायचं. त्यांच्याकडे बर्च नावाच्या झाडाची पानं बांधतात. इथे बर्च कुठला आणायचा? आदल्या दिवशी यॉरान आणि मी मिळून खजुराच्या झावळ्या बांधल्या. काट्यांनी त्याचे हात रक्ताळले, माझेही. तो म्हणाला, "उद्या तू आमचा पाहुणा. मनापासून सांगतोय." आणि तो मनापासूनच सांगत होता. त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. इथेच सगळी गोची आहे.

शुक्रवारी हसनमामानं मला सोडलं. मी नवा शर्ट घातलेला बघून म्हणाला, "काय रे, जावई चाललास काय?"

"पाहुणा," मी म्हटलं.

"इंशाल्ला," मामा म्हणाला आणि व्हॅन बाहेर उन्हातच लावून बसला. त्याला आत बोलावलं नव्हतं.

मी दारात बूट काढले. बाकीच्यांच्या बुटांशेजारी ठेवले, रांगेत. मोजे नवे होते. आत एसीत लांब टेबल. उकडलेले बटाटे, शेपू, साखर-व्हिनेगरात मुरवलेले मासे. कोकणातल्या माणसाला मासा गोड लागतो म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकलो, पण खाल्ला. कमी नाही, जास्त नाही. मधे तोंड घातलं नाही. काटा कुठल्या हातात, चमचा कुठे, सगळं बरोबर. वर्षभराचा अभ्यास होता माझा.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बिर्गिताशेजारी कुलकर्णी साहेब बसले होते. तिनं माझ्याकडे बघून त्यांना काहीतरी विचारलं. साहेब खुलले. सांगायला लागले. मला शब्द ऐकू येत नव्हते, हात दिसत होते. एक हात वर, आडवा. दुसरा त्याच्या खाली. मग वरचा काढून आणखी खाली. असं चार वेळा. शेवटचा हात टेबलाच्या कडेखाली गेला.

ते हात मी ओळखले. तुम्हीही ओळखले असतील.

बिर्गिता गंभीर होऊन मान डोलावत होती. तिनं यॉरानच्या कानात काहीतरी सांगितलं. यॉराननं माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग सगळे उठले, आपापली प्लेट घेऊन. पुढचं वर सांगितलंय.

ढीग माझ्या खांद्याला लागला तेव्हा सूर्य खाली गेला होता. बाहेर जरा सोसवेल असं झालं होतं. ते सगळे बाहेर गेले. सिंकच्या वरच्या काचेतून मला तो खांब दिसत होता. मी बांधलेला. मोठेमोठे इंजिनियर त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारत होते, गाणं म्हणत. हा त्यांचा नाच. सगळे सारखेच हास्यास्पद दिसतात, म्हणून तो नाचायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. कुलकर्णी साहेबही उड्या मारत होते. धापा टाकत, पोट सावरत. त्यांची प्लेट माझ्या ढिगात होती. शेपूच्या काड्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या.

मी नळ बंद केला. समुद्राचं गोडं केलेलं पाणी आणणारा नळ. एप्रनची गाठ मागून होती, सुटेना. तोडली. नुसत्या मोज्यांवर बाहेर गेलो आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसलो. खांबापासून जवळच.

गाणं थांबलं नाही. हळूहळू विरलं.

बिर्गिता आली. खरंच काळजीनं म्हणाली, "झालं सगळं?"

मी म्हटलं, "मी माझी प्लेट धुतली."

एवढंच. पत्रकातलं एक वाक्य सुचलं नाही.

यॉरान लाल झाला. खाली माझ्याशेजारी वाळूत बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आम्हाला माहीत नव्हतं. अनंतनं आज सांगितलं, तुमच्याकडे कोणी कोणतं काम करायचं हे जन्मानं ठरलेलं असतं, आणि टेबलावर बसावं लागलं की तुझ्यासारख्यांना अवघड वाटतं. आम्ही तुमच्या संस्कृतीचा आदर करतो. तुझी कुचंबणा होऊ नये, एवढंच आम्हाला हवं होतं."

बघा. मी वर्षभर त्यांची संस्कृती समजून घेत होतो. ते एका जेवणात माझी समजून घेऊन मोकळे झाले होते. आणि माझी संस्कृती कोणती, ते मला विचारलंच नाही. कुलकर्णीला विचारलं.

साहेब घाम पुसत आले. मराठीत, दातांतून, "काय तमाशा लावलायस? मी तुझ्या चांगल्यासाठीच बोललो. त्या बाईला आपल्याबद्दल माहिती हवी होती, मी दिली."

"माझ्याबद्दल दिलीत, कुलकर्णी. तुमच्याबद्दल नाही दिली."

साहेब म्हटलं नव्हतं. त्यांना ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. चेहऱ्यावर दिसलं.

मी बूट घातले आणि व्हॅनपाशी आलो. हसनमामानं तोंडाकडे बघितलं, मग कमरेला लोंबणारा एप्रनचा बंद बघितला. तो काढून खिडकीबाहेर टाकला. सनदपर्यंत व्हॅन हाकली. मग म्हणाला, "मला आत बोलावला नाय ते बरं झालं बाबा. मी उन्हात बसलो, पण मला माहीत होतं की मी उन्हात बसलोय."

शनिवारी ऑफिसात बैठक झाली. खुर्च्या गोल मांडल्या. स्वीडिश पद्धत, सगळ्यांनी मिळून ठरवायचं. कुणी हुकूम देत नाही, मतदान नाही. प्रत्येकानं पाळीनं आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. सगळ्यांना वाईट वाटलं होतं. एकाला सण खराब झाल्याचं वाईट वाटलं. एकीला माझ्यासाठी वाईट वाटलं. कुलकर्णी म्हणाले, झाला तो गैरसमज होता, त्यांनाही वाईट वाटलं. प्लेटा कुणाच्या होत्या, हे कुणी बोललं नाही. शेवटी यॉरान म्हणाला, मला कारखान्याच्या साइटवरच्या ऑफिसात पाठवलं तर माझ्यावरचा ताण कमी होईल, तिथे कामगारांत मला मोकळं वाटेल. मग विचारलं, "सगळ्यांना मान्य आहे?"

ही त्यांची पद्धत. सगळे गप्प बसतात, आणि गप्प बसणं म्हणजे मान्य.

"नाही," मी म्हटलं. "मला मान्य नाही. मी इथल्या टेबलावर बसणार. माझा कप मी धुणार. तुमचा तुम्ही धुवा."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मला शिकवलं होतं, गप्प बसलेला माणूस रागावलेला नसतो. खरं आहे ते. रागावले असते तर बरं झालं असतं. यॉरान म्हणाला, "धन्यवाद. तू इतक्या मोकळेपणी बोललास, हे फार मोलाचं आहे."

पुढच्या आठवड्यात मला साइटवर पाठवलं.

माझं 'नाही' त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आमच्या गावात एवढं शांतपणे कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्यानं काहीही झालं नाही. साइटवर एक पत्र्याचा कंटेनर, त्यात मी, माझं टेबल आणि एक मग. पांढरा. ऑफिसातून यॉराननं आठवणीनं पाठवला होता, मला घरच्यासारखं वाटावं म्हणून. माझा वेगळा कप. खिळा तेवढा नव्हता.

कंत्राट संपलं, पुन्हा केलं नाही. व्हिसा खलास. यॉराननं मिठी मारली, त्याचे डोळे भरले होते. त्याला आजही कळलेलं नाही, आणि कळेल असं मला वाटत नाही. कुलकर्णी तिथेच आहेत. नवीन भारतीय आला की कंपनी त्यांनाच बोलावते, आपल्या लोकांबद्दल समजावून सांगायला.

या प्रकरणातून काही सुधारलं, असं मी लिहिणार नाही. सुधारलं नाही. मी एवढंच ठरवलं. माझी जागा कोणती हे माझ्या पाठीमागे ठरवणाऱ्याचं एकही उष्टं भांडं मी उचलणार नाही. तो शिवी देवो, नाहीतर धन्यवाद. आणि माझ्याबद्दल बोलायचं असेल तर मी बोलेन, त्याच टेबलावर, तोंडावर.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही, बहरैनला मनाम्याच्या बँकेत, जुफैरच्या फ्लॅटमध्ये, पुण्यात, ठाण्यात. उद्या एखादा परका माणूस कौतुकानं तुम्हाला विचारेल, "तुमच्याकडे कशी पद्धत असते?" तेव्हा हात एकाखाली एक धरू नका. मला त्या उतरंडीत बसवून दाखवू नका. त्या उतरंडीत तुमचा हात कुठे होता आणि तो तिथे कुणी ठेवला, ते सांगा. तुमच्या घरी तुमचा कप कोण धुतं आणि ती स्वतः कुठल्या कपातून पिते, ते सांगा. तिचं नाव घेऊन सांगा.

सांगता येत नसेल तर उठा. तुमची प्लेट अजून सिंकमध्ये आहे. ती धुवा.