पायाळूची लाथ

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करण्यात माझी उमर गेली. पाठीवरचं पोतं संध्याकाळी उतरतं, किस्से मात्र चढतच राहतात. हे निजामाच्या शेवटच्या काळातले. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. पायाळूनं लाथ मारली की धरलेली पाठ सुटते, असं सगळे मानायचे. मला मात्र लाथेचा भारी संकोच!

*

आमच्यातला थोरला हमाल कोंडिबामामा. पाठ धरून ओणवा उभा.

"मामा, मारू का?"

"मार की! तुझी मामी इचारत न्हाई, तूच लई इचारून राहिला!"

*

मामाचा पाय बधिर व्हायला लागला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैद्राबादेत शिकलेले. म्हणाले, "दोन मणक्यांमध्ये गादी असते. आत पाणीदार गर, भोवती चिवट कडं. वयानं, ओझ्यानं गर सुकतो. त्यातल्या पेशी, म्हणजे बारीक बारीक जीव, मरतात. उरलेल्या घोळका करून बसतात, काम धड होत नाही. मग कडं चिरतं, आतला माल बाहेर येतो नि नसेवर बसतो."

मामा म्हणाला, "डाक्टरसाब, हे तर तुमी कचेरीचं सांगून राहिले!"

*

मामाला ओझं उचलायची मनाई झाली. मुकादम भडकला, "मग हमाली काय डोळ्यानं करणार?"

"तुमी करताच की!"

*

गादीवर बसून बसून एका शेटजीचीही गादी सरकली. शेटजी कळवळून म्हणाले, "हमालाचा रोग मला? डॉक्टर, माझ्यासाठी दुसरं नाव लिवा!"

*

डॉक्टरांनी मलाही बजावलं, "लाथा बंद! एखाद्याचा पाय कायमचा जाईल." मी पाय आवरला.

आणि नेमकं तेव्हाच कचेरीतल्या मोठ्या साहेबांची पाठ धरली. वेठीला धरलेली माणसं अंगणात खडी फोडत होती. त्यांच्यावर ओरडायला साहेब वाकले, ते वाकडेच राहिले. डॉक्टर दौऱ्यावर. मला बोलावणं आलं.

"लात मार!"

"साब, पाय जाईल तुमचा. डाक्टर येऊ द्या."

"मारता है, या कोठडी में डालूँ?"

घरची लेकरं डोळ्यापुढं आली. तरी पाय उचलेना.

"घाला, साब."

साहेब आपल्या पेशकारावर, म्हणजे कारकुनावर खेकसले, "दूसरा पायाळू लाओ! मिला तो इसको छोड़ो, नहीं तो बंद करो!"

पेशकारानं अंगणात जाऊन हाक दिली, "कोई पायाळू है?"

खडी फोडणारे उठले. शिपाई उठले. पाणक्यानं घागर खाली ठेवली. रांग पार फाटकाबाहेर गेली.

सगळ्यांत पुढं पेशकार, बूट काढून!