मराठीत दिलेली कबुली

जयपूरच्या परिवहन खात्यात मी मोटार वाहन निरीक्षक आहे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन इकडे आले, आणि मी शास्त्री नगरातच वाढलो. मराठी घरापुरतीच राहिली. नोकरीत तिचा उपयोग मी एकदाच केला, आणि ते अजून मनाला लागून आहे.

सीतापुऱ्यात कारखान्यांकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्या दुपारी दोन ट्रेलर जोडलेली गाडी अडकली होती. अशा लांब गाड्यांना नेमून दिलेल्या हायवेवरच परवानगी असते. आत शिरायचं तर मागचा ट्रेलर बाहेरच्या यार्डात सोडायचा आणि दुसऱ्या फेरीत आणायचा, असा बोर्डही वळणावर आहे. या गाडीच्या ड्रायव्हरनं दोन्ही घेऊन वळण मारलं, आणि मागची चाकं दुभाजकावर चढली. एक स्कूटरवाली बाई थोडक्यात वाचली. फूटपाथवर बसून दोन्ही हातांनी हेल्मेटचा पट्टा सोडवत होती, तो सुटत नव्हता.

ड्रायव्हर पन्नाशीचा. माझ्या सहकाऱ्याला तो एकच सांगत होता, "साहब, रास्ता नया है, गलती से मुड़ गया." चूक म्हटलं तर दंडावर भागतं, मुद्दाम केलं म्हटलं की लायसन्सवर येतं. त्याच्या हिंदीतला मराठी हेल ऐकून मी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"जतचा, सायेब!" त्याचा चेहराच बदलला. केबिनमधून पाण्याची बाटली काढून दिली, इकडं भाकरी मिळते का विचारलं. मग गाडीला टेकून हळूच म्हणाला, "तुमच्यापासून काय लपवायचं? बोर्ड वाचला हुता मी. पण सोमवारी बायकोच्या डोळ्याचं आपरेशन हाय. एक फेरी वाचली असती तर आजच परतीला लागलो असतो."

मी मान हलवली. जीपमध्ये बसून अहवालात लिहिलं, की नियम माहीत असूनही वळल्याचं चालकाने कबूल केलं आहे.

"वाह, आपने तो उगलवा लिया," सहकारी म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण त्याच्याकडून वदवून घेतल्याचं तेव्हा मला बरं वाटलं.

गाडी खात्यानं अटकावून ठेवली, तोही अडकला. पुढच्या आठवड्यात सुनावणी झाली. माझा अहवाल वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"ते मी तुमाला मराठीत सांगितलं हुतं, सायेब."

"क्या कह रहे हैं?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"कुछ नहीं, सर. मान रहे हैं."

लायसन्स तीन महिने निलंबित झालं. बाहेर जिन्यापाशी मी त्याला गाठून ऑपरेशनचं विचारलं.

"झालं. मेव्हणा हुता संगं," एवढंच बोलून तो उतरू लागला.

त्या बाईचे हात आठवतात तेव्हा मी स्वतःला सांगतो, की गाडी थांबवणं भागच होतं. होतंच. पण कबुली घ्यायची होती, तर ती हिंदीत, त्याच्यासमोर कागद धरून घ्यायला हवी होती.