खंडाचं कारण

कॉलेजच्या फलकावर नवी सूचना लागली होती. मध्ये खंड न पडता, ठरलेल्या वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांना फीचा काही भाग परत मिळणार होता. माझी पत्नी तिथेच शिकवायची. ती गेल्यानंतरच्या कागदपत्रांसाठी मी ऑफिसच्या खिडकीशी उभा होतो. पुढे दोन मुली होत्या.

"तुझे पैसे तर गेले गं," एक म्हणाली.

"विचारून तर बघू. त्या पैशांवरच माझं एम.ए. आहे. मामा आता आणखी नाही भरणार."

कारकुनांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मागच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली, म्हणून तिने परीक्षा दिली नव्हती.

"सूट स्वतःच्या आजारपणालाच आहे. पण आजारी तू नव्हतीस ना, बाळ?" ते हळू आवाजात म्हणाले. "अर्ज दे हवा तर."

मला त्यांचा राग आला नाही. खंड हा शब्द मात्र टोचत राहिला. पत्नीच्या उशाशी बसून काढलेल्या महिन्यांत मी एक पानही वाचलं नाही. तिला कुशीवर वळवायचं, ओठ ओले करायचे, एवढंच. पाहणाऱ्याला ते दिवस रिकामे वाटतील. तितके भरलेले दिवस माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत, आणि ते कशात जमा धरायचे हे मला अजून उमगलेलं नाही.

मुलीने खिडकीच्या फळीवरच अर्ज लिहिला. खंडाच्या कारणापुढे तिने एकच शब्द लिहिला, आई.

"एवढंच?" कारकुनांनी विचारलं.

"एवढंच, सर."

त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि तो तसाच हातात धरून ते त्या शब्दाकडे पाहत राहिले.