रविवार माझा, गुरुवार दादाचा

ट्रक चालवायचा तो गेम मी आणि दादानं अर्धे अर्धे पैसे घालून घेतला. दादा कंपनीत कामाला, शिरूर तालुक्यात कारेगावला खोली करून राहतो. मी आईबरोबर भांडगावला असते आणि यवतला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसते. लॅपटॉप दोघांचे वेगळे, पण गेमचं खातं एकच.

गेम एकट्यानं खेळायचा. रस्ता, ट्रक आणि आपण. तरी इंटरनेट सतत चालू पाहिजे, कारण आपण चोरून तर खेळत नाही ना, हे गेमवाले घडोघडी तपासतात. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी चोरासारखी हजेरी द्यायची, याचा मला भयंकर राग. आमच्याकडे रेंज आली तर आली. गेममधला घाट अर्धा चढला की नेट जायचं आणि सगळी मेहनत पाण्यात. त्यात एकानं गेम उघडला की दुसरा बाहेर. यावरून आम्ही इतके भांडलो की शेवटी आईनं पाळ्याच लावून दिल्या. सामाईक विहिरीवर आमचे आणि चुलत्यांचे वार ठरलेले आहेत, तसंच. दादाला गुरुवारी सुट्टी म्हणून गुरुवार त्याचा, रविवार माझा. दादा पाळी मोडायचाच, आणि मी फोन करून त्याचा उद्धार करायचे.

एका रविवारी दुपारी मी खेळत बसले होते, तेवढ्यात गावच्या ग्रुपवर फोटो आला. दादाच्या कंपनीची, पहिली शिफ्ट सुटल्यावर निघालेली बस उलटली होती. दादा रोज त्याच बसनं खोलीवर जातो. त्याला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मी सांगायच्या आधीच आईनं माझ्याकडे बघून ओळखलं. चुलत्यांनी मोटारसायकल काढली आणि निघाले. आई दारात बसली ती बसलीच. मी नुसती फोन लावत राहिले.

आणि समोर लॅपटॉपवर ती पाटी आली. हे खातं दुसरीकडे उघडलं आहे, तुम्हाला बाहेर काढत आहोत.

सवयीनं आधी रागच आला. रविवार माझा असताना याला लाज कशी नाही? मग हात थांबला. पासवर्ड आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. पण लॅपटॉप खोलीवरच असतो, तिथल्या दुसऱ्या कुणी उघडला असला तर? मी परत आत शिरले. अर्ध्या मिनिटात मला हाकललं. पुन्हा शिरले, पुन्हा हाकललं. असं पाच वेळा. एवढा हट्टी माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात एकच आहे. माझा जीव भांड्यात पडला आणि मी मोठ्यानं रडायला लागले.

"आई, त्यो माझी पाळी खातोय."

"म्हंजी खोलीवर हाय त्यो?"

"व्हय."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "मग खाऊ दी," म्हणाली.

संध्याकाळी चुलत्यांच्या फोनवरून दादा बोलला. त्याचा फोन सकाळीच बादलीत पडला होता, आणि तो मित्राच्या गाडीवरून लवकर खोलीवर आला होता. बस उलटल्याचं त्याला चुलत्यांकडूनच कळलं. बसमधल्या सगळ्यांचं किरकोळ लागण्यावर निभावलं होतं. "आज तुझी पाळी न्हवती," एवढंच मला बोलता आलं.

परवा गेमचा नवा अपडेट आला. आता म्हणे नेट नसलं तरी चालेल, आणि दोघांना एकाच वेळी खेळता येईल. हेच मी इतके दिवस मागत होते. दादानं तो अजून घेतलेला नाही. मीही नाही. रविवारी दुपार कलली की आई माझ्यामागं येऊन उभी राहते. तिला गेममधलं काही कळत नाही.

"काढलं का गं त्यानं तुला भाईर?" ती विचारते. मी हो म्हटलं की चुलीकडे जाते.