पुतण्यांच्या खुनाचं वकीलपत्र

माझ्या मुलीच्या वर्गात इंग्लंडच्या एका जुन्या राजावर खटला चालवायचं ठरलं होतं. भाऊ वारला, त्याची दोन लहान मुलं गादीची वारस. काका त्यांचा पालक झाला, मुलांना किल्ल्यात नेऊन ठेवलं आणि स्वतःच राजा झाला. मुलं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. काकाने त्यांना मारलं की नाही, यावर अजून भांडणं चालू आहेत. काका-पुतण्याचं प्रकरण म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात, तसे माझेही टवकारले.

मुलीच्या वाट्याला राजाचा बचाव आला होता. सौदीतली शुक्रवारची सुट्टी, पोटात पोहे, मी हौसेने वकीलपत्र घेतलं. इंजिनिअरला पुराव्यात खोट काढायला आवडतंच. प्रेतं कुणी पाहिली? कुणी नाही. साक्षीदार? सगळ्या ऐकीव गप्पा. सांगाडे मिळाले ते कितीतरी वर्षांनी, तेही त्याच मुलांचे कशावरून? आणि राजाच्या बदनामीत फायदा कुणाचा? त्याला लढाईत पाडून जो गादीवर बसला त्याचा. मी इतका रंगात आलो की बायको आतून म्हणाली, "राजा तुमचा कोण लागतो हो?"

मुलगी पेन चावत ऐकत होती. ती माझ्याशी मराठीत क्वचितच बोलते. "लेकिन बाबा," ती म्हणाली, "सब लोग बोल रहे थे कि मार दिया. जिंदा थे तो एक बार खिडकी में दिखा देता ना. केस खतम."

"वकिलाने आपल्याच अशिलाला असं विचारायचं नसतं," मी खेकसलो. मी का चिडलो, हे तिला कसं कळणार?

माझा थोरला भाऊ इथे सौदीतच वारला. त्याच्या मुलालाही मीच इथे आणलं, एका ठेकेदाराकडे फिटर म्हणून चिकटवलं. दोन आठवड्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये वाफेने त्याचं तोंड आणि गळा भाजला. जिवाला धोका नव्हता, पण बोलता येत नव्हतं, आणि पट्ट्यांत गुंडाळलेला चेहरा बघवत नव्हता. पहिल्या दिवशी त्यानेच हाताने खुणावलं, आईला नको. ती खूण मला फारच सोयीची पडली. मी चिपळूणला वहिनीला कळवून टाकलं, शटडाऊन चालू आहे, मोठी दुरुस्ती, दिवसरात्र काम, प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. तिचा व्हिडिओ कॉल आला की ती म्हणायची, "भाऊजी, पोराला एकदा दाखवा की." मी नेट खराब आहे म्हणून वेळ मारून न्यायचो. मुलीलाही आम्ही दादा कामावर आहे असंच सांगितलं होतं.

वहिनीला धक्का बसू नये म्हणून, असं मी बायकोला म्हणायचो. खोटं होतं ते. माझ्या शब्दावर तिने एकुलता एक मुलगा पाठवला होता, आणि तिच्याकडे बघायची मलाच भीती वाटत होती.

त्या दुपारी न जेवताच मी गाडी काढली आणि हॉस्पिटल गाठलं. पुतण्या पलंगावर बसून नळीने ज्यूस पीत होता. "आईला फोन लावतोय," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उशी सरळ करून ताठ बसला.

वहिनीने फोन उचलला. मी तो पुतण्याकडे वळवला. ती किंचाळेल, मला शिव्या घालेल, याची मी तयारी केली होती.

"हात हलव," ती म्हणाली. त्याने हलवला.

"दुसरा."

त्याने दुसराही हलवला. मग तिला रडू फुटलं. फोन तिच्या हातातून पडला असावा, कारण आम्हाला नुसता छताचा पंखा दिसत होता. मग तिचा आवाज आला.

"भाऊजी, मला वाटलं, बॉडी यायला वेळ लागतोय म्हणून तुम्ही सांगत नाही."

"काहीतरीच काय वहिनी! असं मी कशाला करीन?"

"ह्यांच्या वेळी केलंत की. हे गेले होते, आणि तुम्ही आठवडाभर मला शटडाऊनच सांगत होतात."

मी ते साफ विसरलो होतो. पुतण्या माझ्याकडे बघत होता. वडिलांच्या वेळचं हे त्याला आजच कळत होतं.