चाकणच्या कारखान्यात डिजिटल सही

'हॅश', 'पब्लिक की', 'प्रायव्हेट की' अशी नावं ज्या कुणी ठेवली, त्याने चाकणमध्ये एक शिफ्टसुद्धा काढलेली नाही, असा माझा थेट आरोप आहे. काढली असती, तर माझ्याकडे इतके किस्से साठलेच नसते.

माझं काम सुट्या भागांचे तपासणी दाखले ब्लॉकचेनवर आणायचं. एकदा सही झाली की कुणाचा बापही खाडाखोड करू शकणार नाही! रहाटणीहून रोज त्याच जोशात निघायचो. ग्राहक कंपनीच्या ऑडिटर मॅडमनी पसंत केलं तर यंत्रणा कायम राहणार होती, नाहीतर पुन्हा रबरी शिक्के.

क्वालिटीचे प्रमुख जगताप साहेब. त्यांना समजावलं, सही आपला गुप्त पासवर्ड टाकून प्रायव्हेट कीने करायची आणि पब्लिक की सगळ्यांना वाटायची, म्हणजे कुणालाही सही तपासता येते. दुसऱ्या दिवशी पब्लिक कीचा पेनड्राइव्ह त्यांच्या कपाटात कुलूपबंद.

"पब्लिकच्या हातात दिलेली वस्तू कधी परत मिळालीय का राव?"

मग हॅश. हॅश म्हणजे दाखल्याच्या बोटाचा ठसा. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी अख्खा ठसा बदलतो. पहिल्याच आठवड्यात एकूण एक दाखला 'बनावट' दिसायला लागला. मला वाटलं, घोटाळा सापडला! निघालं वेगळंच. सुपरवायझर शिंदेभाऊ सही झालेली प्रत्येक फाइल उघडून वर 'श्री' टाकत होते.

मी चिडलो, तर म्हणाले, "मग काय, बिनश्रीचा कागद धाडायचा व्हय?"

शेवटी आम्ही दाखल्याच्या मूळ नमुन्यातच 'श्री' घातला. ब्लॉकचेन शांत झाली.

ऑडिटच्या दिवशी मॅडमनी विचारलं, ही सही फक्त जगताप साहेबच करू शकतात, याची खात्री काय? मी छाती काढून सांगितलं, की त्यांच्याशिवाय जगात कुणालाही ती जमणार नाही. साहेब शेजारीच बसून चहात बिस्किट बुडवत होते.

तेवढ्यात स्क्रीनवर नवा दाखला आला. सही जगतापांची, पुढे हिरवी खूण. पाठोपाठ आणखी एक.

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातांकडे. एका हातात बशी, दुसऱ्यात बिस्किट. ते तुटून चहात पडलं.

पॅकिंगच्या मंदाताईंनी दारातून डोकावून पाहिलं.

"साहेब, तुमी निवांत चा घ्या. पासवर्ड भितीवर लावलाय, तुमची सही आता तिन्ही शिफ्टला येती."