जांभळ्या डोक्याचा सलगम

देवनहळ्ळीच्या आमच्या घरामागे मी नवलकोल लावते, मेथी लावते, मांडवावर दोडका सोडते. सलगम कधी लावला नव्हता. तो लावायचं डोक्यात आलं ते सुनेमुळे, आणि खरं सांगायचं तर भीतीमुळे.

सून पंजाबातली. ती आणि माझा मुलगा दोघंही शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, बेळ्ळंदूरला नोकरीला, आणि अर्धा जीव जाण्या-येण्यात जातो. दसऱ्याच्या सुमारास मुलगा फोनवर कुणाला तरी तिथल्या एका फ्लॅटचा मजला विचारत होता. मला बघून तो बोलत बोलत अंगणात गेला. तेव्हापासून मला वाटत होतं, ही दोघं घर सोडून जाणार. यजमान गेल्यानंतर या घरात आम्ही चौघंच उरलो होतो, सासूबाई धरून. विचारावं तर ती दोघं हो म्हणतील अशी धास्ती, न विचारावं तर चैन नाही. मी मुळातच काळजीखोर. दूध तापायला ठेवलं की गॅसपाशी पहारा देणारी बाई मी.

सून अलीकडे जेवणात मन घालत नव्हती. आमचं स्वयंपाकघर सासूबाईंचं. त्यात कांदा नाही, लसूण नाही, आणि लाल-जांभळा कंद तर उंबऱ्याच्या आतही येत नाही. गाजर नाही, बीट नाही. तो रंग मांसाचा, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी मला. मी पुढे सुनेला सांगितलं. तिने मान डोलावली होती आणि पुन्हा कधी विषय काढला नव्हता. दिवाळीच्या फराळाला बसलेली असताना ती सहज म्हणाली की आता तिच्या आईकडे रोज सलगम शिजत असेल. म्हणाली आणि चकलीचा तुकडा तसाच ताटात ठेवून उठली.

मी दुसऱ्याच दिवशी बस धरून शहरात बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने तीन पाकिटं पुढे ठेवली: एक पांढऱ्याचं, एक पिवळ्याचं, एक डोक्यावर जांभळा असणाऱ्याचं. पंजाबी लोक शेवटचंच नेतात, असंही तो म्हणाला. मी पाकिटावरचं चित्र बघितलं आणि मला सासूबाईंचा चेहरा दिसला. पांढरा घेतला. सलगम तो सलगम, रंगाने काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोघींनाही राखायचं होतं मला. सासूबाईंनी ओरडू नये आणि सुनेने जाऊ नये.

मोहरीएवढं बी. उगवलं ते दाट, आणि विरळणी करायला माझा हात होईना. नीट आलेली रोपं उपटून टाकायची म्हणजे जिवावर येतं. तरी केली. पानांना भोकं पडली की निंबोळीचा अर्क फवारायचा, तांदळाचं धुवण घालायचं, माती बोटाने उकरून कंद धरलाय का ते बघायचं. उकरू नये हे माहीत असून मी उकरायची. मुलगा हसायचा. फ्लॅटचं मात्र तो काही बोलायचा नाही, आणि त्याच्या हसण्यातही मला काहीतरी लपवल्यासारखं वाटायचं.

धनुर्मासात पांढरे सलगम निघाले. गुळगुळीत, कोवळे, बघत राहावेत असे. मी ओलं खोबरं, मोहरीची फोडणी आणि किंचित गूळ घालून भाजी केली. पाला खताच्या खड्ड्यात टाकला. सासूबाईंनी दोनदा मागून घेतली. सून म्हणाली, “अच्छी है, मम्मीजी.” तिला न आवडलेल्या साडीलाही ती हेच म्हणते. अर्धी वाटी तशीच राहिली.

मला रडू आलं, आणि रागही. राग तिचा नव्हता. भांडी घासताना मी तिला विचारलं, काय कमी पडलं? तिने पुष्कळ आढेवेढे घेतले. मग सांगितलं की त्यांचा सलगम जरा उग्र असतो, जांभळ्या डोक्याचा, आणि तो पाल्यासकट शिजतो, आलं-कांदा घालून. पाला मी टाकून दिलेला तिने पाहिला होता.

संक्रांत झाल्यावर मी पुन्हा त्या दुकानात उभी राहिले. “लेट आयतु, अक्का,” दुकानदार म्हणाला. उशीर झाला, आता ऊन चढेल, कंद जून होईल, नाहीतर रोप आधीच फुलावर येईल. मी तरी जांभळ्या डोक्याचं पाकीट घेतलं. त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुपार झाली की वाफ्यावर जुनी सुती साडी ताणून बांधायची, ऊन उतरलं की सोडायची. बोअरचं पाणी कमी झालं तेव्हा माझ्या आंघोळीच्या पाण्यात काटकसर केली. वाटायचं, हे कंद वेळेवर आले तर ती दोघं राहतील. असं काही नसतं हे मला कळत होतं, पण मन ऐकत नव्हतं.

कंद मातीवर डोकं काढायला लागले आणि सासूबाईंना मागच्या दारातून तो रंग दिसला. त्या मला म्हणाल्या, “हे माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही.”

“नाही येणार, अम्मा. मी मागच्या पडवीत शिजवीन.”

इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर. त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी पडवीत शेगडी मांडली. कंद लहानच होते, एकदोन चिरताना दोरे लागले, पण सून सगळे घेऊन बसली. पाला तिने स्वतः निवडला, आलं ठेचलं, कांदा परतला. वासाने शेजारची बाई कुंपणाशी येऊन गेली. आम्ही तिघं तिथेच चटईवर जेवायला बसलो. सून नुसती जेवत होती, तिसरी पोळी, चौथी पोळी. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की माझं जेवायचंच राहिलं. मग मीही खाल्लं. कडवट होतं थोडं, आणि छान होतं.

ताट पुसून झाल्यावर तिने मुलाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“मम्मीजी, फ्लॅट घेतला आम्ही. काल हो सांगितलं.” मी काही म्हणायच्या आत तिने माझा हात धरला. “एक खोली तुमची आहे. तुम्ही चला आमच्याबरोबर. प्लीज.”

मुलगा मान खाली घालून बसला होता. आजीचं काय, हे त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. अम्मा बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकणार नाहीत, हे आम्हां तिघांना ठाऊक होतं. इतके महिने मी समजत होते की ही दोघं जातील म्हणून मी घाबरलेय. तिचा हात हातात होता तेव्हा मला कळलं की मलाही जायचं होतं. फार जायचं होतं.

आतून सासूबाईंनी पाण्यासाठी हाक मारली. त्यांना पाणी माझ्याच हातचं लागतं, आणि मी तर कांदा खाल्लेला. सुनेने माझा हात सोडला. मी चूळ भरली, साडी बदलली आणि पाणी द्यायला आत गेले.